सोंड्याचें नांव

मनुष्यानें आपल्या पराक्रमाचें चिन्ह म्हणून कोणता प्राणी निवडावा, या प्रश्नाचें उत्तर जगांत बहुधा सर्वत्र एकच मिळतें : सिंह, वाघ, गरुड, फार झालें तर अस्वल. आमच्या पुराणांतील देवांनीं वाहनें निवडतांना जी उदारबुद्धि दाखविली आणि उंदरापासून घुबडापर्यंत सर्वांची सोय लावली, ती क्रीडासंघांचीं नांवें ठेवणाऱ्यांच्या अंगीं क्वचितच आढळते. अमेरिकेंत तर बहुतेक प्रत्येक शाळेला व महाविद्यालयाला असा एखादा प्राणी पाळावा लागतो. तेथें त्याला मॅस्कॉट म्हणतात. आपल्याकडे अलीकडे शुभंकर हा शब्द रूढ होत आहे. सामन्याच्या दिवशीं त्या प्राण्याचें सोंग घेऊन एखादा विद्यार्थी मैदानाच्या कडेनें नाचतो, आणि सारे प्रेक्षक त्याच्या नांवानें गर्जना करतात. या दरबारांत कीटकांची दाद अगदींच लागत नाहीं असें नाहीं. अटलांटा येथील जॉर्जिया टेक या नामांकित संस्थेचे खेळाडू स्वतःस पिवळ्या गांधिलमाश्या म्हणवितात. पण गांधिलमाशीला निदान नांगी तरी असते. ती शत्रूला पळावयास लावते. जो चावत नाहीं, डसत नाहीं, ज्याची लांबी अर्ध्या बोटाच्या पेराइतकीहि नाहीं, आणि ज्यानें शत्रूचें नव्हे तर आपलेंच घर बुडविलें, अशा किड्याचें नांव कौतुकानें छातीवर मिरविणारें एक महाविद्यालय आहे असें जेव्हां आमच्या वाचनांत आलें, तेव्हां आम्हांला प्रथम मौज वाटली. मौज वाटण्याची ती घाई आम्हांस पुढें कशी भोंवली, तेंच येथें सांगावयाचें आहे.

आर्कान्सॉ राज्याच्या आग्नेय कोपऱ्यांत माँटिसेलो म्हणून एक लहानसें गांव आहे. १९०९ सालच्या एका कायद्यानें त्या राज्यांत चार जिल्हा-कृषिविद्यालयें काढण्याचें ठरलें; त्यांपैकीं चौथें या गांवीं १९१० सालीं उघडलें. १९२५ सालीं त्याचें कृषि व यंत्रविद्येचें महाविद्यालय झालें, आणि १९७१ पासून तें आर्कान्सॉ विद्यापीठांत सामील आहे. ज्या वर्षीं महाविद्यालयाला नवें नांव मिळालें, त्याच वर्षीं त्याच्या खेळाडूंनाहि तें मिळालें. तेथें अशी कथा सांगतात कीं, त्या वेळचे अध्यक्ष फ्रँक हॉर्सफॉल यांनीं मुलांपुढें बोलतांना असा उद्गार काढला : दक्षिणेला आजवर कोणीं खरोखर लोळविलें असेल तर तें एका बोल वीव्हिलनें, तेव्हां तुम्ही बोल वीव्हिल आहांत! तेव्हांपासून आजतागायत तेथील पुरुषांचे संघ बोल वीव्हिल याच नांवानें खेळतात. स्त्रियांच्या संघांचें नांव मात्र कॉटन ब्लॉसम्स, म्हणजे कपाशीचीं फुलें, असें आहे. कपाशीचें फूल उमलण्यापूर्वींच खाऊन टाकणें हाच ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्याच्या शेजारीं कपाशीच्या फुलांची स्थापना करणाऱ्याला कीटकशास्त्र अधिक कळत होतें कीं विनोद, हें ठरविणें कठीण आहे !

बोल वीव्हिल म्हणजे काय, हें आमच्या गृहिणींना सांगावयास नको. जुन्या तांदुळांत किंवा गव्हांत जो बारीक, काळसर, पुढें सोंड आलेला किडा होतो, आणि ज्याच्यामुळें घरांतील सुपें व चाळण्या उन्हांत येतात, त्या सोंड्याचा हा चुलतभाऊ. याला धान्याऐवजीं कपाशी लागते, एवढाच फरक. हा मूळचा मेक्सिकोकडचा. १८९२ च्या सुमारास त्यानें ब्राउन्सव्हिल गांवाजवळ रिओ ग्रांदे नदी ओलांडून टेक्सासमध्यें पाऊल ठेवलें, आणि पुढल्या तीस वर्षांत जवळजवळ साऱ्या दक्षिणेचा कापूसपट्टा पादाक्रांत केला. त्याची युद्धपद्धति विलक्षण साधी आहे. कपाशीला फूल येण्यापूर्वीं जी कळी धरते, जिला आमच्याकडे पातें म्हणतात, त्या पात्याला मादी आपल्या सोंडेनें भोंक पाडते, आंत एक अंडें घालते, आणि भोंक बुजवून पुढल्या पात्याकडे वळते. आंतली अळी पात्याचा गाभा खाते. पातें पिवळें पडून गळतें. सुमारें तीन आठवड्यांत अंड्याचा किडा होतो, आणि तो आपलें पातें शोधावयास निघतो. एका हंगामांत अशा अनेक पिढ्या होतात. हिंवाळा आला म्हणजे हा गृहस्थ शेताच्या कडेच्या रानांत, पालापाचोळ्याखालीं, निवांत झोंप घेतो. औषध फवारावें तर अळी पात्याच्या आंत. हातानें वेंचावें तर एकर किती आणि हात किती!

हॉर्सफॉलसाहेबांच्या उद्गारांत जी खोंच आहे, ती दक्षिणेचा इतिहास आठवल्यावांचून कळावयाची नाहीं. दक्षिणेला १८६५ सालीं उत्तरेच्या सैन्यानें पुरतें लोळविलें होतें, हें शाळेंतलें पोर जाणतें. पण दक्षिणेच्या माणसाला ती गोष्ट साठ वर्षांनंतरहि तोंडानें कबूल करवत नव्हती. ग्रँट आणि शर्मन यांचीं नांवें गाळून पराभवाचें श्रेय एका सोंड्याला देऊन टाकण्यांत जो मानीपणा आहे, तो आम्हां महाराष्ट्रीयांना समजण्यासारखा आहे; आम्हीहि पानिपताचें खापर फोडण्यासाठीं नानाविध डोकीं शोधून काढलींच आहेत. आणि त्या यादवीशीं आमच्या वऱ्हाडाचा संबंध तरी कांहीं थोडा नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत दक्षिणेचा कापूस मँचेस्टरला मिळेना, म्हणून मुंबईच्या बाजारांत आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपतांच तो भाव कोसळला, आणि त्याबरोबर मुंबईंतील मोठमोठ्या पेढ्याहि कोसळल्या. तेथल्या बोंडाला इजा झाली कीं येथल्या बोंडाला भाव येतो, हें सोयरसुतक आज दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आलें आहे.

असो. नांवाचा परिणाम माणसावर होतो असें म्हणतात. माँटिसेलोच्या संघाच्या बाबतींत तो निराळ्याच रीतीनें झाला. १९३९ सालीं स्ट्युअर्ट फर्ग्युसन नांवाच्या शिक्षकाकडे फुटबॉल संघाची धुरा आली, आणि त्यानें असा करार करून घेतला कीं, संघानें एकहि सामना जिंकलाच पाहिजे असें बंधन आपणांवर नसावें. पुढलीं तीन वर्षें या संघानें देशभर हिंडून बहुतेक सारे सामने परगांवीं खेळले, त्यांतील बहुतेक सारे हरले, आणि हरतां हरतां प्रेक्षकांना पोट धरून हंसविलें. वर्तमानपत्रांनीं त्यांना भटके सोंडे अशा अर्थाचें नांव दिलें. जिंकण्याची चिंता सुटल्यामुळें त्या पोरांना समुद्रापासून समुद्रापर्यंत आपला देश पाहतां आला. १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका युद्धांत उतरली, आणि हा पोरखेळ थांबला.

ही सारी हकीकत आम्हांला इतकी आवडली कीं वर्गांत सांगितल्यावांचून राहवेना. आम्ही विदर्भांतल्या एका तालुक्याच्या गांवीं इंग्रजी शिकवितों. २०१८ च्या जानेवारींत स्नेहसंमेलनाची गडबड चालू होती. वर्गावर्गांचे कबड्डीचे सामने व्हावयाचे होते, आणि संघांना नांवें हवीं होतीं. फळ्यावर वाघ, सिंह, छावा अशीं नांवें लिहून झालीं होतीं. आमचा तास त्या दिवशीं असाहि वायांच जावयाचा होता, म्हणून आम्हीं माँटिसेलोची कथा रंगवून सांगितली, आणि शेवटीं, शिक्षकाला शोभेल न शोभेल असा विनोद करून म्हटलें, "वाघ-सिंह पुष्कळ झाले. तुम्ही बोंडअळी संघ काढा. यंदा तिच्यापुढें कोण टिकलें आहे ?"

मागच्या बाकांवर हंशा पिकला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा हंसला नाहीं. तास संपल्यावर तो आमच्यामागून व्हऱ्यांड्यांत आला. नेहमींचा मितभाषी, वहींत नीटनेटकें लिहिणारा मुलगा. त्याचा आवाज आम्ही वर्षभरांत चार वेळांहि ऐकला नसेल.

"सर," तो म्हणाला, "आमच्या वावरांत यंदा अर्ध्या बोंडांत तेच निघालं. बाबांनी उभ्या पऱ्हाटींत गुरं सोडली."

आम्हीं कांहीं तरी पुटपुटलों. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरें झालें असतें. त्यानें अगदीं सरळ विचारलें, "त्या अमेरिकेंत नांव ठेवणाऱ्यांत कोणी पऱ्हाटीवाला होता का, सर ?"

वाचकांपैकीं जे शहरांत राहतात त्यांच्यासाठीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. गुलाबी बोंडअळी हा सोंडा नव्हे. ती एका लहानशा पतंगाची अळी. १८४२ च्या सुमारास भडोचकडच्या कापसावर ती शास्त्रज्ञांच्या नजरेस प्रथम आली. आणि योगायोग असा कीं, अमेरिकेच्या सोंड्यालाहि शास्त्रीय नांव १८४३ सालींच मिळालें. २००२ सालीं आपल्याकडे बी. टी. कापसाला परवानगी मिळाली, तेव्हां बोंडअळ्यांचा प्रश्न मिटला असें पुष्कळांना वाटलें होतें. गुलाबी अळीनें त्या विषाशीं हळूहळू जुळवून घेतलें, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांत व मराठवाड्यांत तिनें हाहाकार केला. तिचा दुष्टपणा हा कीं बाहेरून बोंड चांगलें दिसतें. हिरवें, भरलेलें बोंड फोडावें, तर आंत डागाळलेली, चिकटलेली कवडी आणि गुलाबी अळी. खत, बियाणें, निंदण, फवारणी या सर्वांचा खर्च होऊन गेल्यावर, वेंचणीच्या तोंडावर हें उघड होतें. त्याच हंगामांत यवतमाळकडे फवारणी करतां करतां विषबाधा होऊन माणसें दगावलीं, हेंहि आमच्या वर्गांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतें. आम्हांलाहि ठाऊक होतें. पण ठाऊक असणें आणि वावर असणें यांत अंतर आहे, आणि तें अंतर त्या मुलानें आमच्या पदरांत घातलें.

आम्हीं त्याला म्हटलें, "पाहून सांगतों." आणि खरोखरच पाहूं लागलों.

पहिली गोष्ट आमच्या विनोदाच्या बाजूची निघाली. माँटिसेलोची संस्था कृषिविद्यालय म्हणून निघालेली, आणि भोंवतालचा मुलूख कापसाचा. तेव्हां १९२५ सालीं अध्यक्षांच्या पुढें जीं मुलें उभीं होतीं, त्यांतल्या पुष्कळांच्या घरीं सोंडा येऊन गेला असला पाहिजे. आपल्या बापाला ज्यानें बुडविलें त्याचें नांव आपण घ्यावें, आणि तें प्रतिस्पर्ध्याला भिववावयासाठीं घ्यावें, यांत केवळ थट्टा नव्हती. ज्याला हटवितां येत नाहीं त्याला निदान आपल्या बाजूला उभें करावें, ही युक्ति मनुष्यजातीला फार जुनी माहीत आहे. देवीच्या रोगाला आपल्या पूर्वजांनीं देवी म्हटलें तें कांहीं प्रेमानें नव्हे. एवढ्यावर थांबलों असतों तर त्या मुलाला सांगावयास आमच्याजवळ बरें उत्तर होतें.

परंतु पुढें आम्ही अलाबामा राज्यांतील एंटरप्राइज नांवाच्या गांवाशीं येऊन पोंचलों. या गांवानें सोंड्याचें नुसतें नांव न घेतां त्याचें स्मारकच उभारलें आहे. तेथल्या कॉफी परगण्यांत १९१५ च्या सुमारास सोंडा आला. कापूस बुडाला, तेव्हां एच. एम. सेशन्स नांवाच्या एका सावकारानें सी. डब्ल्यू. बॅस्टन नांवाच्या कर्जबाजारी शेतकऱ्याला भांडवल देऊन १९१६ सालीं भुईमूग पेरविला. तो असा कांहीं पिकला कीं, पुढल्याच वर्षीं तो परगणा भुईमुगांत साऱ्या देशांत पहिला आला. त्याच अलाबामांत टस्कीगी येथें जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे भुईमुगाचे गुण कंठरवानें सांगत होते. त्यांची भुईमुगावरची प्रसिद्ध पत्रिका १९१६ चीच. मग बॉन फ्लेमिंग नांवाच्या व्यापाऱ्याच्या मनांत आलें कीं, आपल्याला भुईमूग दाखविणाऱ्या सोंड्याचे उपकार फेडले पाहिजेत. ११ डिसेंबर १९१९ रोजीं भर चौकांत एका ग्रीक वेषांतील स्त्रीचा पुतळा दोन्ही हात वर करून उभा राहिला. गंमत अशी कीं, ज्याच्या कृतज्ञतेस्तव हें सारें केलें तो सोंडा तीस वर्षें तेथें नव्हताच. बाईच्या हातांत कारंजें होतें. १९४९ सालीं कोणाच्या तरी ध्यानांत ही उणीव आली, आणि तिच्या डोक्यावर एक भला मोठा सोंडा चढला. चोरट्यांना आणि टवाळांना या सोंड्याचें फार आकर्षण. १९९८ सालीं मोडतोड झाल्यावर मूळ पुतळा आंत नेऊन बाहेर प्रतिकृति उभी केली. त्या गांवांतील महाविद्यालयाचे खेळाडूहि सोंडेच म्हणवितात, हें सांगावयास नको.

स्मारकाची कल्पना व्यापाऱ्याची, आणि भुईमुगाचें भांडवल सावकाराचें. बॅस्टन तरला ही आनंदाची गोष्ट. पण ज्याच्या मागें सेशन्स उभा नव्हता त्याचें काय झालें? त्या काळीं दक्षिणेंत बहुसंख्य कापूस बटाईनें पिके. जमीन गोऱ्या मालकाची. बियाणें, अवजारें, दुकानांतली उधारी, सारें पिकाच्या हवाल्यावर. आणि राबणारीं कुळें पुष्कळ ठिकाणीं काळीं, गुलामांचीं नातवंडें. पीक गेलें कीं कुळाजवळ बदलावयाला दुसरें पीकहि नसे, कारण काय पेरावें हें ठरविण्याचा अधिकारच त्याचा नसे. हीं कुळें सहस्रावधि संख्येनें गाडींत बसून शिकागोला, डेट्रॉइटला निघून गेलीं. त्यांच्या स्थलांतराचीं कारणें अनेक होतीं, आणि त्यांत हा सोंडाहि होता. त्यांचीं मुलें माँटिसेलोच्या मैदानावर सोंडे म्हणून खेळूं शकलीं नसतीं. १९२५ सालीं त्या महाविद्यालयाचें दार गोऱ्यांपुरतेंच उघडें होतें.

या लोकांनींहि सोंड्याला नांव दिलें, पण तें गाण्यांतून दिलें. सोंड्याच्या गाण्यांचा एक मोठा गोतावळाच दक्षिणेंत आहे. चार्ली पॅटन या काळ्या गायकानें गाइलेलें त्यांतलें एक १९२९ सालीं ध्वनिमुद्रित झालें आहे, आणि लेडबेलीनेंहि हें गाणें आपलेंसें केलें. त्यांतल्या पुष्कळांचा घाट संवादाचा असतो. शेतकरी किड्याला तापल्या वाळूंत टाकतो, बर्फांत टाकतो. किडा म्हणतो, मला येथेंहि बरें वाटतें. त्याला कांहीं नको, राहावयाला घर तेवढें पाहिजे; आणि बायकापोरें घेऊन तो तें शोधीत हिंडतो आहे. हीं गाणीं ऐकतांना आमच्या अंगावर कांटा आला. किड्याविषयीं त्यांत राग आहे, पण त्याहून अधिक ओळख आहे. ज्याला सारे हाकलतात, ज्याचें स्वतःचें म्हणून कांहीं नाहीं, आणि तरी जो मरत नाहीं, तो कोण, हें गाणाऱ्याला विचारावें लागत नसे. व्यापाऱ्याला सोंड्यांत भाग्यविधाता दिसला, अध्यक्षांना योद्धा दिसला. कुळाला मात्र त्यांत आपल्यासारखाच एक बेघर दिसला.

आठ-दहा दिवसांनीं त्या मुलाला बोलावून आम्हीं हें सर्व सांगितलें. आपल्या विनोदाबद्दल दिलगिरी सांगावयाची ठरविली होती, तीहि सांगितली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ती वाटते तितकी सोपी जात नाहीं. मुलगा संकोचला. त्याला माफी नको होती, गाण्याविषयीं विचारावयाचें होतें.

"मग त्याला घर मिळालं का, सर ?"

आम्ही म्हणालों, नाहीं मिळालें. १९७८ सालीं व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवर सोंड्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. त्याच्याच गंधाचे सांपळे शेताशेतांच्या कडेला लावले, सांपडला तेथें औषध मारलें, आणि सर्व शेतकऱ्यांना एकदम बरोबर घेऊन एकेक मुलूख मोकळा केला. तीसएक वर्षांत, टेक्सासचें दक्षिण टोंक सोडलें तर, तो त्या देशांतून नाहींसा झाला. आतां माँटिसेलोला तो खेळाडूंच्या सदऱ्यांवर तेवढा उरला आहे.

मुलानें थोडा वेळ विचार केला. "म्हणजे त्यांचं आतां चालतं," तो म्हणाला. "आमच्याकडे नांव ठेवायला अजून अवकाश आहे, सर."

त्या वर्षीं कबड्डींत त्यांचा संघ द्वितीय वर्ष कला एवढ्याच नांवानें उतरला, आणि दुसऱ्या फेरींत हरला. त्याच वर्षीं, ऑक्टोबरच्या महिन्यांत, अमेरिकेच्या कृषिखात्यानें जाहीर केलें कीं आमची भडोचची गुलाबी बोंडअळीहि त्यांच्या कापसांतून समूळ गेली. ती बातमी आम्हीं कापून ठेवली. दिवाळीनंतर तो मुलगा भेटला, तेव्हां ती त्याच्या हातांत दिली. त्यानें ती उभ्या उभ्या दोनदां वाचली, घडी करून खिशांत ठेवली, आणि वेंचणीला जावयाचें आहे म्हणून लवकर निघाला.